सहावी काडी

गिटार बनवणारा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मानेपर्यंत केस वाढवलेला, गोव्याकडचा कुणीतरी येतो. मी टकला आहे, आडनाव भोईर आहे आणि राहतो जांभूळला, भात लावणाऱ्या घरात. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. लागोपाठ तीन सूर नीट निघाले तर शपथ. या अंकाच्या संपादकांनी फोन करून 'धंद्यातले मजेशीर किस्से लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी हो म्हणालो खरा. पण लिहायला बसलो तर मजेशीर असे दोनच निघाले. उरलेलं मजेशीर नाही. तेही लिहिलंय. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

अंबरनाथच्या एका फाउंड्रीत मी पॅटर्नमेकर होतो. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तशीच्या तशी लाकडाची करावी लागते, ती वाळूत दाबून साचा घेतात. ती लाकडाची वस्तू करायचं माझं काम. पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, कप्प्या. हात अर्ध्या मिलिमीटरवर बसलेला. कंपनी बंद पडली तेव्हा मी पंचेचाळिशीला आलो होतो, आणि तोवर पॅटर्नही कम्प्युटरवर व्हायला लागले होते. मग उल्हासनगरला वाद्यांचं दुकान असलेल्या गोपालदासदादांकडे पेट्या दुरुस्त करायला जायला लागलो. दादा सिंधी, माणूस दिलदार, वाद्यातलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं.

एक दिवस त्यांनी एक फुटकी गिटार माझ्या पुढ्यात ठेवली. मुंबईत नाचाच्या कार्यक्रमाला आलेल्या कुणा स्पॅनिश वादकाची. विमानात तिची पाठ फुटली होती.

"जोड दो साईं," दादा म्हणाले. "ऊपर से दिखना नहीं चाहिए, बस. अंदर का कौन देखता है?"

पाठीची फळी सुटलेलीच होती, त्यामुळे आतलं सगळं उघडं पडलं होतं. मी बघितलं आणि तिथेच फसलो. त्या दिवशी नुसती पाठ जोडून परत दिली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी ती आठ दिवस ठेवून घेतली आणि आतली मापं कागदावर उतरवली.

आत काय असतं ते सांगतो. गिटारचं तोंड म्हणजे वरची फळी. थंड मुलखातल्या स्प्रूस नावाच्या झाडाची, जाडी दोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. सहा तारा तिला रात्रंदिवस ओढत असतात, चाळीसेक किलोचा ताण म्हणा. एवढ्याशा फळीवर तो ताण आला तर ती वाकणार, चिरणार. म्हणून आतून काड्या चिकटवतात. इंग्रजीत त्याला ब्रेसिंग म्हणतात, मी काड्याच म्हणतो. मधल्या गोल भोकाच्या खालून त्या हातपंख्यासारख्या पसरत जातात. पाच, नाहीतर सात. उंचीला तीन-चार मिलिमीटर, आणि टोकाकडे निमुळत्या होत होत फळीत विरून जातात. काडी जाड ठेवली की फळी टिकते आणि मुकी होते. बारीक केली की बोलते, पण कधी बसेल सांगता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये नेमकं कुठे थांबायचं, एवढाच काय तो धंदा.

त्यातही फ्लेमेंकोची, म्हणजे त्या स्पॅनिश नाचाबरोबर वाजणारी गिटार जास्त नखरेल. नाचणाऱ्याच्या टाचांच्या आवाजात तिला ऐकू जायचं असतं. सूर चटकन फुटला पाहिजे आणि चटकन संपला पाहिजे. म्हणून तिच्या काड्या आणखी हलक्या, तिची पाठ सायप्रस लाकडाची, पांढुरकी, वजनाला काहीच नाही. तारा इतक्या खाली की जरा करकरतात, आणि ते करकरणं वादकाला हवंच असतं. आपल्याकडे असली गिटार वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे मी वर्षाला तीन करायचो, तेवढ्याच खपायच्या.

आता ते दोन किस्से. उल्हासनगरचा एक जीन्सवाला शेठ घरच्या लग्नात स्टेजवर ठेवायला गिटार मागायला आला. पांढरी हवी, वर सोनेरी वेलबुट्टी हवी. मी त्याला सायप्रस, स्प्रूस सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाईसाब, बजना ज़रूरी नहीं है." दुसरा बदलापूरचा, कम्प्युटरमधला. त्याने विचारलं, "काका, आत एलईडी बसवता येईल का? म्हणजे तुमचं काम भोकातून दिसेल." मी त्याच्यावर डाफरलो. पण तो गेल्यावर मनात आलं की बाबा, इतक्या वर्षांत माझं आतलं काम बघावंसं वाटलेला हा पहिलाच. त्याला मी नंतर फोनही केला होता, तोवर त्याने दुसरीकडून घेतली होती.

संपले किस्से.

सुमेधा पाटणकर अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लॅबच्या प्रमुख होत्या. वय अठ्ठावन्न, चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. चाळिशीनंतर व्हिडिओ बघून बघून फ्लेमेंको शिकल्या. लोकांसमोर कधी वाजवलं नाही, वाजवायचंही नव्हतं. ऑफिसातून आल्यावर चहा व्हायच्या आधी गिटार घ्यायची, असा त्यांचा नेम. या वादनात उजव्या हाताची बोटं मुठीतून एकामागून एक उलगडून तारांवर फेकायची असतात. नेमकी तीच बोटं त्यांची संधिवाताने धरली होती.

पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या शेडमध्ये स्टुलावर बसून त्यांनी हात पुढे केला.

"भोईर, हे बघा. सकाळी मिटलेली उठतात. गरम पाण्यात अर्धा तास ठेवली की उघडतात. जोर राहिलेला नाही, पण उघडतात अजून. माझी आत्ताची गिटार जोर मागते. मला न मागणारी हवी."

मी म्हटलं, "मॅडम, तशी करता येईल. पण ती टिकेल किती, ते मी सांगू शकत नाही."

"हे हात तरी किती टिकणारेत? दोघांना बरोबरच संपू दे," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

असं गिऱ्हाईक कारागिराला जन्मात एकदा मिळतं. मी पाच काड्यांची गिटार केली. मधली काडी इतकी खाली नेली की तासताना दर फटक्याला थांबून माप घ्यायचो. सगळं सरसाने चिकटवलं. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा, गरम करून लावायचा. त्याचा एक गुण असा की चूक झाली तर ऊब आणि ओल देऊन जोड सोडवता येतो. आणि अवगुण म्हणजे आमच्याकडची हवा. बारवी धरणाच्या बाजूची ओल भिंतीतून आत येते. मी एका खोलीत बल्ब लावून ती कोरडी ठेवतो, पण पावसाळ्यात दिवस दिवस लाईट नसते, मग कसला बल्ब आणि कसलं काय. म्हणून जून ते सप्टेंबर सरसाचं भांडं चुलीवर चढवायचंच नाही, हा माझा नियम.

गिटार घेऊन मी स्वतः चिखलोलीला गेलो. त्यांनी हात गरम पाण्यातून काढले, पुसले आणि बोटं नुसती तारांवर सोडली. जोर लावलाच नाही. ती खोली भरून आवाज आला. त्या थांबल्या, परत केलं. मग पाऊण तास वाजवत होत्या आणि मी सोफ्यावर बसून होतो, चहाचं विसरून. मला त्यातलं काही कळत नाही, तरी सांगतो, माझ्या हातून तेवढं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

तीन वर्षं ती गिटार चालली. मग एका ऑगस्टमध्ये मॅडमचा फोन आला, "भोईर, आत काहीतरी खडखडतंय."

आरसा आणि टॉर्च घालून बघितलं. एका काडीचं टोक ओलीने सुटलं होतं आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे बांधतात त्या पट्टीच्या पुढे फळी किंचित बसली होती. किंचित म्हणजे पट्टी ठेवली तरच कळावं इतकी. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ऑक्टोबरपर्यंत थांबून ते टोक सरसाने बसवायचं, काम अर्ध्या तासाचं.

"ऑक्टोबरपर्यंत नको," मॅडम म्हणाल्या. "मी दोन महिने सोडलं तर हात परत धरतील. काहीतरी करा, पण आहे तशीच ठेवा. वजन वाढवू नका."

शब्द असेच होते. वजन वाढवू नका.

पण त्याच महिन्यात पुण्याच्या एका वादकाची, माझ्याच हातची गिटार एसीत चिरली होती. तोंडाची फळी उभी फाटली. त्याने व्हिडिओ करून नेटवर टाकला, त्यात माझं नाव घेऊन 'हा फर्निचर करणारा माणूस' असं म्हणाला. गावातल्या लोकांनीही तो बघितला. मी त्याचा धसकाच घेतला. मॅडमची गिटार टेबलावर होती आणि मला तिच्यात ती पुण्याची फाटलेली फळी दिसायची. फाउंड्रीत आम्हाला एकच शिकवलं होतं, शंका आली की माल वाढवा. चार मिलिमीटर पुरत असेल तर सहा ठेवा. त्याने पंप कधी बिघडला नाही.

म्हणून मी ब्रिजच्या खाली एक आडवी काडी घातली. सहावी. भोकातून हात घालून, दाबून धरायला छोटे जॅक लावून. सरस त्या हवेत धरला नसता म्हणून दोन ट्यूबांचा इपॉक्सी वापरला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण खात्री म्हणून उरलेल्या पाच काड्यांच्या कडेनेही तोच इपॉक्सी फिरवला. आता ही काही या जन्मी फाटत नाही, असं मी बायकोला म्हणालो, आणि मला बरं वाटलं होतं.

मॅडम गिटार न्यायला शेडवर आल्या. पायावर घेतली आणि बोटं सोडली तारांवर, त्यांच्या पद्धतीने.

मी ऐकलं आणि मला तिथेच समजलं. आवाज आला, पण लांबून आल्यासारखा, गोणपाटात गुंडाळलेला. त्यांनी परत केलं. मग जोर लावायचा प्रयत्न केला, तोंड वेडंवाकडं झालं त्यांचं. गिटार तशीच मांडीवर ठेवून त्या स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या. उलटा केला, सुलटा केला.

"पंधरा दिवस सोडलं तर एवढं?" त्या म्हणाल्या. मला नाही, हाताला म्हणाल्या.

मग मला विचारलं, "सरसच लावलात ना?"

मी म्हणालो, "हो मॅडम. सरसच."

का म्हणालो, याचं उत्तर मी अजून शोधतोय. पुण्याच्या व्हिडिओनंतर आणखी एक चूक कबूल करायचं जिवावर आलं होतं, हे एक. दुसरं, वाटलं की तारा जुन्या होतील, फळी मोकळी होईल, होईल सवय. पण खरं कारण म्हणजे त्यांनी दोष हातावर घेतला होता आणि मी तो घेऊ दिला. आयता मिळाला म्हणून घेऊ दिला. याहून हलकट गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

दोन महिन्यांनी फोन आला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात, पोटाला त्रास होतोय, तरी बोटांत काही फरक नाही. "मी आता थांबते भोईर. उगाच त्या गिटारीचा अपमान होतोय माझ्या हातून."

मी म्हणालो, "आराम करा मॅडम."

बायको शेजारी भाजी निवडत बसली होती. तिला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "अवो, सांगा ना तिला. ती बाई आपल्या हातांना दोष देत बसली हाय." मी म्हटलं, सांगतो. मग दिवाळी झाली, मग लग्नसराई आली, मग भाताची लावणी आली. न सांगायला कारणं रोज नवी मिळत होती.

वर्ष झालं तेव्हा मॅडमनी बोलावून गिटार माझ्या हवाली केली. "कुणी वाजवणारा भेटला तर द्या. कपाटात बघवत नाही." तेव्हा तरी बोलायचं. समोर बसलो होतो, त्यांनी पोहे केले होते. त्यांना बशी एका हाताने धरता येत नव्हती, दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी पोहे खाल्ले आणि गिटार घेऊन घरी आलो.

घरी येऊन पहिल्यांदा ती सहावी काडी काढायला घेतली. वाटलं, ती काढून गिटार पूर्वीसारखी करावी, मग सांगणं सोपं जाईल. सरस असता तर गरम पातं आणि थेंबभर पाणी पुरलं असतं. इपॉक्सीने काडी सोडली नाही, फळीच सोडली. काडीबरोबर फळीचे उभे धागे उपटून आले आणि पलीकडचा उजेड दिसायला लागला. माझ्या हातची सगळ्यात चांगली गिटार मी दोनदा मारली. दुसऱ्यांदा निदान कळून तरी मारली.

मग नवी करायला घेतली. तीच मापं, तसंच स्प्रूस, पाच काड्या, सरस. कोरडी हवा पडेपर्यंत थांबलो. हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, मधली काडी दोनदा वाया गेली. तरी झाली. तार लावून अंगठ्याने नुसती हलवली तर बोलली. जुनीच्या तोडीची नसेल, पण बोलली. ती घेऊन गेल्या मार्चमध्ये मी चिखलोलीला गेलो, आणि दार उघडल्याबरोबर, चप्पल काढायच्या आधी, सगळं सांगून टाकलं. काडी, इपॉक्सी, सरस लावला म्हणालो ते खोटं, सगळं.

मॅडम दारातून बाजूला झाल्या. मला आत बसवलं. गरम पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं, हात बुडवले. अर्धा तास मी त्या खोलीत बसलो होतो, तो अर्धा तास कुणा दुष्मनावर येऊ नये.

मग त्यांनी गिटार घेतली. डावा हात कसाबसा मानेवर बसला. उजवा तारांवर नेला. बोटं उघडली नाहीत. दीड वर्षं ती वाजवण्यासाठी उघडली नव्हती, आता ती मुठीतच राहिली होती. त्यांनी मूठच तारांवरून ओढली, सांध्यांच्या गाठींनी. आवाज आला. चांगला, मोकळा, खोलीभर आवाज आला.

"ही चांगली झालीय," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"भोईर, त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"म्हणजे तेव्हा हात ठीक होते माझे."

"ठीक होते मॅडम."

त्यांनी हातांकडे बघितलं. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आणि मी त्यांना केवढ्या शिव्या दिल्या." मग म्हणाल्या, ही घेऊन जा, माझ्याकडे ठेवून काय करू.

त्यांनी गिटार केसमध्ये ठेवली आणि झाकण लावलं. खटके दाबायला गेल्या, पण ते त्यांच्याने दाबले गेले नाहीत. चारही खटके मी दाबले आणि केस उचलून खाली आलो.